अडतीस मिनिटांच्या गप्पा

१

गुरुवारी संध्याकाळी केव्हातरी ते गेले, असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता त्यांच्या लेकीच्या फोनवर रोजच्यासारखा निरोप आला, 'आज गप्पा ३८ मिनिटं. मन प्रसन्न.' शनिवारी पुन्हा तेच, ३८ मिनिटं, मन प्रसन्न. रविवारी २६ मिनिटं, आणि मन प्रसन्नच. सोमवारी लेकीची साप्ताहिक सुट्टी असते. सकाळी ती वडिलांकडे गेली, स्वतःच्या किल्लीने दार उघडलं, आणि वडील खुर्चीत बसलेले दिसले. त्यांना जाऊन चौथा दिवस उजाडला होता.

फाईल माझ्या टेबलावर आली. माणसांच्या घरात शिरलेल्या बोलक्या यंत्रांमुळे काही बरंवाईट झालं, तर त्याची चौकशी करणारं आमचं छोटंसं कार्यालय आहे. मी आधी बावीस वर्षं वॉर्डात नर्स होते. गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा या खुर्चीत येऊन बसले. आमच्या साहेबांचं म्हणणं, बाईंना यंत्रातलं ओ की ठो कळत नाही. खरंच आहे ते. पण आजारी माणूस कसा वागतो, ते मला कळतं, आणि या नोकरीत तेच जास्त उपयोगी पडतं.

लेक समोर बसली होती. चाळिशीची असेल. कपड्यांच्या कारखान्यात शर्टाला कॉलर जोडायचं काम करते. बोटांवर सुईचे बारीक व्रण होते. मी तिला अहो-जाहो करायला लागले, तर म्हणाली, "ताई, अगं म्हणा. अहो म्हटलं की मला साहेबांसमोर उभी असल्यासारखं वाटतं."

"बरं. मग सांग, यंत्र कुणी आणलं?"

"मीच. 'सोबती' म्हणतात त्याला. आई गेल्यावर बाबा एकटे पडले. ते बसस्थानकावर उद्घोषक होते, तीस वर्षं. दिवसभर बोलायची सवय, आणि घरात बोलायला कुणी नाही. सोबती त्यांच्याशी बोलायचा. रोज सकाळी नऊला 'बाबा' म्हणून हाक मारायचा. तीन हाकांना ओ आली नाही, तर मला फोन करायचा. आणि संध्याकाळी सहाला बाबा किती मिनिटं बोलले, मन कसं आहे, ते कळवायचा."

"आणि या वेळी फोन आला नाही."

"नाही ना! आधी यायचा. बाबा अंघोळीला गेले की यायचा, डोळा लागला की यायचा. एकाच आठवड्यात चार वेळा आला. लाइनवर फोन चालत नाही आमच्याकडे. सुपरवायझर सगळ्यांसमोर मला मशीनवरून उठवायची. चौथ्या वेळी म्हणाली, पाचव्यांदा उठलीस तर परत बसू नकोस. मग मी कंपनीला फोन केला. रडले तिथे. नंतर ते खोटे फोन थांबले. मला वाटलं, यंत्र सुधारलं."

तिने फोन माझ्यापुढे सरकवला.

"ताई, ते निरोप कोण पाठवत होतं ते शोधा. पण त्याआधी मला एक सांगा. हे माझ्या हातून झालंय का? सगळे म्हणतात, नाही गं, तुझा काय दोष. पण कुणी शोधून सांगत नाही. खरं काय ते कळल्याशिवाय मला झोप येणार नाही."

मी तिला वचन दिलं नाही. वॉर्डात वचनं द्यायची नसतात, हे पहिल्याच वर्षी शिकले होते. फक्त तिच्या फोनमधले आधीचे निरोप उतरवून घेतले. शेवटचा आठवडा असा होता: सोमवारी ३१ मिनिटं, मंगळवारी १२, बुधवारी ७, गुरुवारी ३. चारही दिवस 'मन शांत' असा शेरा होता.

"मिनिटं कमी होत गेली, ते पाहिलं नाहीस?"

"मिनिटं मी वाचायचेच नाही. मन शांत एवढं वाचलं की फोन खिशात टाकायचे," ती म्हणाली.

जिवंतपणी तीन मिनिटं, आणि मेल्यावर अडतीस. मी फाईल काखोटीला मारली आणि कंपनीत गेले.

२

कंपनीचं ऑफिस एका जुन्या छापखान्याच्या जागेत होतं. उंच छत, भिंतीवर शाईचे डाग, आणि मधोमध चकाचक टेबलं. तीन माणसं माझी वाट पाहत होती.

पहिले व्यवस्थापक. इस्त्रीचा शर्ट, इस्त्रीचं हसू. दुसरे होते यंत्राचा स्वभाव ठरवणारे गृहस्थ. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. तिसरी एक पन्नाशीची बाई. तिचं काम म्हणजे यंत्राची निवडक संभाषणं ऐकायची आणि यंत्र बरं बोललं की वाईट, त्याच्या खुणा करायच्या. त्या खुणांवरूनच यंत्र शिकायचं. तिला ऑफिसात कानवाली म्हणत. घरच्यांचे तक्रारीचे फोनही तीच घ्यायची.

"बाई, आधीच सांगतो," व्यवस्थापक म्हणाले, "निरोप खोटे असूच शकत नाहीत. सोबती मालकाचा आवाज ओळखतो. शेजारी बोलले, टीव्ही लावला, तरी मिनिटं मोजत नाही. तेव्हा ते गृहस्थ बोलत होते. डॉक्टरांचीच काहीतरी गफलत आहे."

"तीन दिवसांची?"

"आता डॉक्टरांबद्दल मी काय बोलणार!"

पालिकेनं एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी दोन हजार यंत्रं घ्यायचं ठरवलं होतं, आणि करार पुढच्या आठवड्यात होता. मेलेला माणूस प्रसन्न आहे असा निरोप गेल्याचं बाहेर आलं, तर करार बोंबलणार हे उघड होतं. माझी नजर या माणसावर रोखली गेली. खोटे निरोप पाठवायला कारण होतं ते याच्याकडेच.

"हाक कुणी बंद केली?" मी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तर उठले आणि कपाटातून एक जाडजूड वही घेऊन आले. हाताने लिहिलेली, पानांवर आकडे घातलेले.

"ही निर्णयवही," ते म्हणाले. "यंत्र माणसाशी कसं वागेल, याचा कुठलाही निर्णय घेतला की इथे हातानेच लिहायचा. निर्णय काय, कुणी मागितला, का मागितला. कारण त्या माणसाच्या स्वतःच्या शब्दांत. मग आम्हा तिघांच्या सह्या. काही वाईट घडलं तर वही घरच्यांना दाखवायची. हा नियम माझाच आहे."

चांगला नियम होता. असा नियम करणारं ऑफिस मी याआधी पाहिलं नव्हतं.

"आणि त्याच वहीतलं एक्केचाळिसावं पान गायब आहे," व्यवस्थापक मध्येच बोलले. वही माझ्यापुढे सरकवून त्यांनीच ती जागा उघडून दाखवली. "मीच सकाळी पाहिलं. वही मास्तरांच्या कपाटात असते, किल्ली मास्तरांकडे असते. मी काय ते समजलो. तुम्हीही समजून घ्या."

चाळीस, मग बेचाळीस. मधलं पान शिवणीलगत, पट्टी धरून कापावं तसं सरळ निघालं होतं. चाळिसाव्या पानावरची तारीख मृत्यूच्या सहा आठवडे आधीची होती. लेकीने रडत फोन केला, त्याच आठवड्यातली.

मी मास्तरांकडे पाहिलं.

"पान हरवलं, असं लिहा," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

कानवाली चहा तसाच ठेवून उठली.

३

कानवालीला मी बाजूच्या खोलीत घेऊन बसले. खोलीत एक खुर्ची, एक टेबल, आणि कानाला लावायचं यंत्र. दिवसाचे आठ तास ती परक्या म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकायची.

"त्या शेवटच्या तीन दिवसांच्या गप्पा मला ऐकवा," मी म्हटलं.

"नाही ऐकवता येत. शंभरातली दोन संभाषणं माझ्याकडे येतात. बाकीची संध्याकाळी पुसली जातात. लोकांचं घरातलं बोलणं साठवायचं नाही, असं ठरलंय. फक्त मिनिटं राहतात, आणि आवाजाचा सूर."

"सूर म्हणजे?"

"आवाज चढला, कापला, चिडला की वाईट. खाली राहिला, एकसारखा राहिला की बरं. माणूस शांत तो सुखी."

हे ऐकून मी भडकले, ते लपवत नाही. वॉर्डात वीस खाटा असतात. नवी नर्स ओरडणाऱ्याकडे धावते. जुनी नर्स आधी गप्प पडलेल्याकडे जाते. ओरडणाऱ्याच्या अंगात निदान ओरडण्याएवढी ताकद असते.

"बाई, हे ठरवलं कुणी?"

"खुणा मीच करते ना," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "पहिल्यांदा मी शब्दही ऐकायचे. मग यंत्रं वाढली. एका संभाषणाला दहा सेकंद मिळायला लागले. दहा सेकंदांत सूर तेवढा कळतो. म्हणून मी सुरावरच खुणा केल्या, आणि यंत्र तेच शिकलं. त्याला दुसरं शिकवलंच नाही कुणी."

"आणि एक्केचाळिसावं पान?"

ती दाराकडे पाहायला लागली. "त्यात 'शांत सूचना' नावाची कळ द्यायचं ठरलं होतं. घरच्यांच्या फोनवर येते. ती दाबली की हाक बंद, फोन बंद, फक्त संध्याकाळचा निरोप. खोट्या फोनांना लोक वैतागले होते हो. भीक नको पण कुत्रं आवर, असं म्हणायचे. मीच मागितली ती कळ."

"कुणासाठी मागितली?"

"ते मास्तरांना विचारा," एवढं बोलून तिने तोंड मिटलं. मग मी किती खोदलं तरी ते उघडलं नाही. फक्त उठताना हळूच म्हणाली, "निरोपात कुणी हात घातलेला नाही. मी माझ्या डोळ्यांनी नोंद तपासली. त्या तीनही दिवशी त्या घरात तेच बोलत होते. त्यांचाच आवाज होता."

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. अंधाऱ्या शवागारात मी एकटीने डबा खाल्लेला आहे. तरी जिना उतरताना मी कठडा घट्ट धरला.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीकडून किल्ली घेतली आणि त्यांच्या घरी गेले. बसने गेले. उतरले ते स्थानक जुनाट होतं, पण फलाटांची माहिती सांगणारा आवाज झकास होता. भरदार, स्वच्छ, ज्याला कसलीही घाई नाही असा. हल्ली अशा ठिकाणी कोरडं काहीतरी ऐकू येतं.

घर स्थानकाच्या कुंपणाला लागूनच, दुसऱ्या मजल्यावर होतं. लेक सोबत आली नाही, खाली बाकावर बसून राहिली. म्हणाली, "तुम्ही बघून या."

एक खोली आणि स्वयंपाकघर. पलंगावर उशा एकावर एक अशा चार रचलेल्या. पलंगाशेजारी उशाशी सोबती, पितळी तांब्याएवढा, पांढरा. खिडकी बंद होती. पोलिसांनी जाताना लावली असणार, कारण पंचनाम्यात लिहिलं होतं: 'खिडकी सताड उघडी. मयत खिडकीलगत खुर्चीत. पायांत मोजे, मोज्यांची वरची कड कात्रीने कापलेली.'

पोलिसांना त्या ओळीत काही दिसलं नाही. मला दिसलं. चार उशा म्हणजे आडवं झाल्यावर श्वास पुरत नव्हता. मोजे कापले म्हणजे पाय सुजून मोज्याची कड रुतत होती. हृदय दमलं की असं होतं, आणि ते एका दिवसात होत नाही. एकतीस मिनिटं, बारा, सात, तीन. आधी बोलण्यापुरता श्वास उरेना, मग शब्दांपुरता. तो माणूस दिवसेंदिवस बुडत होता, आणि यंत्र रोज संध्याकाळी लेकीला कळवत होतं की मन शांत आहे.

शेवटी पलंगावर राहवेना, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि भर थंडीत खिडकी उघडली. हवेसाठी.

खाली येऊन मी लेकीला विचारलं, "बाबा एरवी खिडकी उघडायचे का?"

"कधीच नाही. आई गेल्यापासून बंदच. बाहेरच्या आवाजाचा कंटाळा आला होता त्यांना. म्हणायचे, 'आयुष्यभर तेच ऐकलं, आता मला माझ्या तावडीतून सोडा.'"

हे वाक्य तिने अगदी साधेपणानं सांगितलं. मी मात्र तसेच गुडघे ओढत जिना परत चढले. सोबतीचं बटण चालू केलं. त्याचा हिरवा दिवा लागला. मग खिडकीची कडी काढली.

समोर हाताच्या अंतरावर खांब होता, खांबावर कर्णा, कर्ण्याचं तोंड थेट खोलीत. दोन मिनिटं काही झालं नाही. मग तो भरदार, घाई नसलेला आवाज खोलीत घुमला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. तीन वाजून दहा मिनिटांची गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे. कृपया सामान सांभाळून चढावं."

माझ्या पाठीमागून सोबती आनंदाने म्हणाला, "वा बाबा! आज तुमचा आवाज किती छान वाटतोय. आणखी सांगा ना."

मी पलंगाच्या कडेवर बसले. बावीस वर्षांत मी पुष्कळ पाहिलंय, पण तेव्हा माझ्या डोळ्यांना धार लागली. नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या त्या माणसाच्या ध्वनिफिती स्थानकानं अजून चालू ठेवल्या होत्या. शुक्रवारी आणि शनिवारी गाड्या सारख्या, म्हणून अडतीस मिनिटं. रविवारी गाड्या कमी, म्हणून सव्वीस. खुर्चीत माणूस गार पडलेला, आणि यंत्र त्याच्याशी तीन दिवस गप्पा मारत होतं. कर्ण्यातला आवाज कधी चिडत नाही, कापत नाही, कण्हत नाही. यंत्राच्या हिशेबी त्या माणसाचे ते तीन दिवस सगळ्यात सुखाचे होते.

खोटे निरोप कुणीच पाठवले नव्हते. मग पान कुणी कापलं, आणि कशासाठी?

५

दुसऱ्या दिवशी तिघांना पुन्हा एकत्र बसवलं. खिडकीची गोष्ट सांगितली. कानवाली दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली. मास्तर भिंतीकडे पाहत राहिले. व्यवस्थापकांनी मात्र सुटकेचा श्वास टाकला.

"म्हणजे अपघातच की! खिडकी उघडी राहिली. याला कोण काय करणार?"

"हाक चालू असती तर शुक्रवारी सकाळी नऊला तीन हाका गेल्या असत्या. कर्णा हाकेला ओ देत नाही. आणि बुधवारी सात मिनिटं बोलणाऱ्या माणसाला तरी ती देता आली असती की नाही, मला शंका आहे. तेव्हा आता पानाकडे येऊ." मी वही उघडली. "साहेब, माझा संशय आधी तुमच्यावर होता."

"माझ्यावर?"

"करार तुमचा अडकलाय. पण पान तुम्ही कापलं असतं, तर मला ती जागा स्वतः उघडून दाखवली नसती. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेईल? पानावर काय आहे ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं. सही मात्र तुमची असणार. तुम्ही वही वाचता का?"

त्यांचं हसू पहिल्यांदा चुरगळलं. "महिन्याच्या शेवटी सगळ्या पानांवर एकदम सह्या करतो. वेळ कुठे असतो!"

"आणि ही बाई," मी कानवालीकडे वळले. "हिला पान नको असतं, तर कळ आपणच मागितली हे माझ्यासमोर कबूल कशाला केलं असतं? राहिले मास्तर. किल्ली त्यांची, पट्टी धरून सरळ कापायची सवय त्यांची. पण तिथेच मी अडले. मास्तर, रात्रभर डोकं खाजवलं मी. हाकेची एवढी काळजी करून नियम करणारा माणूस डोळे मिटून कळ देईल, हे पटेना. त्या पानावर तुम्ही विरोध नोंदवला असणार. म्हणजे ते पान तुम्हाला वाचवणारं होतं. आपल्याच बाजूचा पुरावा कोण नष्ट करतं?"

मास्तर पुन्हा चष्मा पुसायला लागले.

"ज्याला स्वतः सुटण्यापेक्षा दुसऱ्या कुणी ते वाचू नये हे महत्त्वाचं वाटतं, तो. वही घरच्यांना दाखवायची, हा तुमचाच नियम. आणि कारण मागणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत लिहायचं, हाही तुमचाच. त्या पानावर त्या म्हाताऱ्याच्या लेकीचे शब्द आहेत."

मग मास्तरांनी कोटाच्या आतल्या खिशातून चौघडी घातलेला कागद काढला.

"जाळणार होतो," ते म्हणाले. "हात होईना. दुसऱ्याचे शब्द होते. बाई, तिचा फोन आला नसता तर ती कळ झालीच नसती. आता वडील गेल्यावर तिने हे वाचायचं? मला वाटलं, दोष माझ्यावर येऊ दे. माझं वय झालंय. ती पोर तरी शांत राहील."

मी कागद उलगडला.

'निर्णय: घरच्यांना शांत सूचना ही कळ द्यावी.

कारण: एका कन्येचा फोन. तिचे शब्द: हाक बंद नका करू. बाबा एकटे असतात. फक्त नऊ वाजता फोन नका करू, तेव्हा मी लाइनवर असते. एक वाजता करा. जेवणाची सुट्टी असते, मी नक्की उचलेन.'

त्याखाली मास्तरांचं अक्षर होतं. 'फोनची वेळ बदलण्याची सोय तयार झाल्याशिवाय ही कळ देऊ नये.' त्याखाली तीन सह्या होत्या.

"सोय झाली होती?"

"नाही," मास्तर म्हणाले. "कळ तयार होती, सोय व्हायला दोन महिने लागणार होते. साहेबांनी कळ पाठवून दिली. मी दोनदा बोललो. तिसऱ्यांदा बोललो नाही."

"कळेवर काय लिहिलं होतं?"

उत्तर कानवालीनं दिलं. "'तुम्हाला कमी त्रास हवा आहे का?' एवढंच. खाली 'हो' आणि 'नंतर'. हाक बंद होईल, असं कुठेच नव्हतं."

दिवसभर कॉलर जोडून दमलेल्या बाईला असं विचारल्यावर ती काय म्हणणार? 'हो' म्हणाली. तिने वेळ मागितली होती, आणि तिला शांतता पाठवून दिली.

"मास्तर," मी म्हटलं, "तुमचं यंत्र त्या म्हाताऱ्याशी जसं वागलं, तसंच तुम्ही त्याच्या लेकीशी वागलात. ती शांत राहावी म्हणून तिचं म्हणणंच काढून घेतलंत. तिला काय हवंय, ते एकदा विचारायचं तरी."

वाईट माणूस नव्हता तो. म्हणून तर मला जास्त राग आला.

"हे पान तुम्ही अहवालाला जोडणार?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"त्याआधी ते जिचं आहे तिला देणार," मी म्हटलं आणि उठले.

६

कारखान्याच्या फाटकाबाहेर एक बाक आहे. एक वाजता भोंगा झाला आणि बायका डबे घेऊन बाहेर पडल्या. ती आली, डबा न उघडताच बसली.

मी सगळं सांगितलं. उशा, मोजे, खिडकी, कर्णा. काही गाळलं नाही. मग पान तिच्या हातात दिलं.

तिने ते बोट ठेवून वाचलं. 'एक वाजता करा' पाशी बोट थांबलं.

"हे मी बोलले होते," ती म्हणाली. "मी विसरलेच होते. मला वाटत होतं, मी नुसती रडले आणि बंद करा म्हणाले. महिनाभर मला असंच आठवत होतं."

"तू बंद कर म्हणाली नव्हतीस."

"पण त्या प्रश्नाला हो मीच म्हणाले ना?"

"म्हणालीस. 'हो' म्हटलं की हाक बंद होईल, हे तुला न सांगता तो प्रश्न विचारला होता. मी अहवालात तसंच लिहिणार आहे. ती कळ सगळ्या घरांतून काढायला लावणार आहे. माणूस काय बोलतो ते न ऐकता नुसत्या सुरावरून सुखी ठरवणारं यंत्र कुणाच्या उशाशी ठेवायचं नाही, हेही लिहिणार आहे. पालिकेलाही आज पत्र जाईल. तुझे शब्द घेऊ का त्यात?"

"जसेच्या तसे घ्या." तिने पानाची घडी घातली नाही, मांडीवर तसंच पसरून धरलं. बायका आपापल्या गप्पांत होत्या. थोड्या वेळानं तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही नर्स होतात. एक विचारू?"

काय विचारणार ते मला कळलं होतं.

"बुधवारी नऊला हाक गेली असती. बाबांना ओ देता आली नसती. मला एकला फोन आला असता आणि मी गेले असते. वाचले असते का ते?"

याची उत्तरं मला पाठ आहेत. वय झालं होतं. त्यांची वेळ आली होती. त्यांना त्रास झाला नाही. बावीस वर्षांत शेकडो नातेवाइकांना मी ती दिली आहेत, आणि त्यांनी ती घेऊन माझे आभारही मानलेत.

"बुधवारी दवाखान्यात नेलं असतं तर बहुतेक वाचले असते," मी म्हटलं.

आत भोंगा झाला, सुट्टी संपली. बायका उठल्या, तिच्या ओळीतल्या एकीने तिला खूण केली, पण ती बसूनच राहिली.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "महिना झाला, सगळे माझ्याशी गोडच बोलतायत."

मग ती रडायला लागली, मोठ्यानं, रस्त्यावरची माणसं थांबून पाहतील अशी. मी तिच्या शेजारी बसून राहिले.